बीपीची रंगीत मशीन

शाईस्ताचा फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई 'मोबाइलचे दुष्परिणाम' या विषयावर भाषण लिहीत होत्या आणि 'कोवळ्या मनाला लागलेली कीड' इथवर पोचल्या होत्या.

वडवणीतल्या एका मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. संध्याकाळी सात ते आठ घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरांच्या हातात पुस्तक, असा 'स्क्रीनमुक्त तास' गावात त्यांनीच सुरू केलेला. सात वाजता शाळेचा भोंगा वाजायचा आणि घरोघरच्या सासवा मालिका अर्ध्यात सोडून बाईंचं नाव घ्यायच्या. कोणत्या शब्दांत, ते सोडून द्या. बसस्टँडसमोर बाईंचा हात जोडलेला फोटो असलेला फ्लेक्सही लागला होता. फोटोत त्या जरा रागावल्यासारख्या दिसत, पण तसं त्या नेहमीच दिसत.

"सत्ते," फोनवरून आवाज आला. मुख्याध्यापिकेला 'सत्ते' म्हणणारी अख्ख्या पृथ्वीवर आता एकच बाई उरली होती. "भाचीचं लगीन हाय. आठ दिवसांसाठी येते मी वडवणीला. आन ऐक, माझी मशीन अजून चालू हाय. तुझी हाय का?"

"कोणती मशीन?" बाईंनी उगाच विचारलं.

"लई शानी नको बनूस. हार मान गे एकदाची, किस्सा खतम."

"सेल हारले होते. मी न्हाई हारले."

"मशीन बंद पडली म्हंजे हारली. अम्मीनं निकाल दिलता."

"मग मांड परत!" बाई ओरडल्या. स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान आप्पाराव डोकावले. ते पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि वीस वर्षांच्या संसारात बायकोला 'मांड परत' म्हणताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "शाळेचं आहे," असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

तर हा वाद चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातला. दोघी सातवी पास होऊन आठवीत जाणाऱ्या, शेजारी राहणाऱ्या. जेद्द्याला नोकरीला असलेल्या शाईस्ताच्या खालूनं, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, तिला हातात धरून खेळायची एक मशीन आणली: राखाडी, जाड, हिरवट पडद्यावर काळ्या विटा पडायच्या. गल्लीत तिचा असा काही रुबाब वाढला, की सत्यशीलानं चार दिवस जेवण सोडलं. मग मुंबईच्या मामानं तिलाही एक पाठवली. काळी, लांबुळकी, आणि रंगीत! पडद्याला आतून उजेड. लाल गाडी, निळं आभाळ, हिरवी झाडं. सगळी गल्ली राखाडी सोडून काळीकडे आली. हा आनंद बरोबर पावणेतीन तास टिकला. तेवढ्यात सहा सेल संपले.

राखाडीला चार सेल लागायचे आणि ते आठवडा आठवडा जायचे. काळी मात्र सेल खायची नाही, गिळायची. घरातली बॅटरी, भिंतीवरचं घड्याळ, आजोबांचा ट्रान्झिस्टर, सगळ्यांची पोटं रिकामी करून झाली. मेलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे, दातांनी चावायचे, फरशीवर आपटायचे, पायजम्याला घासायचे. उन्हाची तर बीडकडं ददात नव्हती. दुपारच्याला तापलेले सेल फडक्यात धरून आणायचे आणि आणखी सात मिनिटं गाडी पळवायची. ती सात मिनिटं जी गोड लागत, तशी गोडी बाईंना पुढं डी.एड.ला पहिला नंबर आल्यावरही लागली नाही.

शेवटी दोघींची पैज लागली. शाईस्ताची अम्मी अजमतबी पंच. खेळ दोघींनी एकदम सुरू करायचा, आवाज बंद ठेवून, म्हणजे सेल वाचतात. जिची मशीन आधी बंद, ती हरली. पण राखाडी जास्त टिकते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून अजमतबीनं न्यायानं ठरवलं, काळीत नवे सेल, राखाडीत रेडिओतले जुने. दोन तास वीस मिनिटांनी काळीचा पडदा अंधारला. शाईस्ताचे अंगठे चालूच होते. सत्यशीला रडत घरी गेली. त्याच आठवड्यात शाईस्ताच्या अब्बांनी बिऱ्हाड औरंगाबादला हलवलं. पुढं ईदला आणि दिवाळीला पत्रं आली, मग फोन आले, आणि प्रत्येकात शेवटी एक ओळ असायची. एकीची 'हार मान', दुसरीची 'सेल हारले'.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पलंगाखालची ट्रंक ओढली. मशीन होती. पण मागचं झाकण उघडलं तर आत सेल फुटून हिरवी-पांढरी भुकटी झालेली आणि स्प्रिंगा गंजलेल्या. आप्पारावांना दाखवायची सोय नव्हती. मागच्याच महिन्यात क्रिकेटच्या मॅचची शेवटची दोन षटकं राहिलेली असताना सातचा भोंगा झाला म्हणून बाईंनी त्यांच्यासमोर टीव्ही बंद केला होता. त्या दोन षटकांत काय झालं हे आप्पारावांना दूधवाल्याकडून कळलं. त्या माणसाला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, की मला गेम खेळायचीय?

मशीन नॅपकिनमध्ये, नॅपकिन डब्याच्या पिशवीत, अशा बंदोबस्तात बाई स्टँडवर अबरारच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत गेल्या. टपरी नेमकी फ्लेक्सच्या खाली. वरून त्याच त्यांच्याकडे रागानं पाहत होत्या.

अबरार पंचविशीचा. त्यानं नॅपकिन उलगडला, मशीन खालीवर केली. टपरीत चार गिऱ्हाइकं उभी.

"मॅडम, बीपी मोजायची मशीन हाय काय ही?"

माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की खोटं बोलायला काहीच लागत नाही, नुसती मान हलवली तरी पुरतं. बाईंनी मान हलवली.

स्टँडपासून बाईंचं घर चालत बारा मिनिटांवर. पण बाईंच्या आधी बीपी घरी पोचलं. ओट्यावर शेजारच्या सुंदरबाई हातात शेवग्याचा पाला घेऊन उभ्या.

"कावून लपविलं वो बाई? आपल्या मानसापासून लपवीत असतेत व्हय? माझ्या नंदंला असंच झालतं. रोज उपाशीपोटी पाल्याचा रस घ्यायचा, लसणाच्या तीन पाकळ्या चावायच्या, आन मीठ आजपासून बंद."

"मला काही झालेलं नाही."

"हेच! नंद बी हेच म्हनायची!"

आप्पारावांना बातमी पानाच्या ठेल्यावर लागली. ते घरी आले, मिठाची बरणी उचलून त्यांनी उंच फळीवर ठेवली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "मला परक्याकडून कळावं. ठीक आहे." त्या रात्रीची आमटी अळणी होती. दुसऱ्या दिवशीचीही. आप्पाराव स्वतःही तीच खात होते, म्हणून बाईंना रागावताही येईना. शाळेत शिक्षिका त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. सातवी ब, जिला शाळेच्या इतिहासात कोणीही गप्प करू शकलं नव्हतं, ती बाई वर्गात आल्या की चिडीचूप बसू लागली. मॉनिटरनं फळ्यावर 'आवाज करू नका, बाईंना त्रास होतो' असं लिहून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांच्या वचकानं जे झालं नाही ते आजारपणानं झालं, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं.

तिसऱ्या दिवशी अबरारचा फोन.

"मॅडम, ही बीपीची मशीन न्हाई."

बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं.

"हिच्यात लाल गाडी हाय. जरा उजेड येतोय, मग जातोय. आतले कपॅसिटर मेलेत. कुनाला सांगत न्हाई मॅडम, अल्लाकसम. बीडला एक जुना रेडिओवाला हाय, त्याच्याकडं भेटतील. पन तुमी सोबत चला, हे मालकाच्या परवानगीबिगर आतलं काढायचं काम न्हाई."

बीडला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना. बाईंनी आयुष्यात सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि आताही पुरतं खोटं लिहायला हात धजेना. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'घरगुती यंत्राच्या दुरुस्तीसाठी.' केंद्रप्रमुख धुळाजीरावांनी अर्ज वाचला, गावातली बातमी त्यांच्या कानावर होतीच, आणि त्यांनी पुढं आपल्या अक्षरात कंसात '(रक्तदाब)' असं जोडून सही केली. त्यांनी हे निव्वळ माणुसकीनं केलं. सरकारी दप्तरात एवढी मोठी आपत्ती माणुसकीनं क्वचितच ओढवली असेल.

बीडच्या त्या अंधाऱ्या दुकानात म्हातारा रेडिओवाला आणि अबरार दोन तास भिंगं लावून मशीनवर वाकले. पॉवरबँक जोडून देतो, मग दिवसभर चालंल, असं अबरार म्हणाला. "न्हाई," बाई म्हणाल्या. "सेल म्हंजे सेल. तिच्यात बी सेलच हायत." अबरारनं 'तिच्यात' कोण हे विचारलं नाही, पण परतीच्या बसमध्ये सगळं ऐकून घेतलं आणि स्टँड आल्यावर म्हणाला, "मॅडम, मंग जिंकावंच लागंल." उरलेलं डाग द्यायचं काम करून परवा शाळेत आणून देतो म्हणाला. शाळेत नको, असं सांगायचं बाईंच्या डोक्यातच आलं नाही.

परवा म्हणजे नेमकी केंद्राची बैठक. धुळाजीराव खुर्चीत, समोर पाच शाळांचे मुख्याध्यापक, मध्ये चहा. दारात अबरार आला. त्यानं माणसं पाहिली, गडबडला, आणि बिचारा गुपित राखायला गेला.

"मॅडम, तुमची बीपीची मशीन. एकदम ओके."

"आना आना," धुळाजीराव म्हणाले आणि बाई उठायच्या आत त्यांनी पिशवी घेतली. "आधी माझंच मोजू. चार दिवसांपासून डोकं जड हाय." त्यांनी बाही वर केली, मशीन मनगटावर ठेवली आणि जे बटण हाताला लागलं ते दाबलं.

अबरारनं आवाजही दुरुस्त केला होता. टँ-टटँ-टँ करत सगळी कचेरी दुमदुमली, उजेड पडला, आणि धुळाजीरावांच्या मनगटावरून लाल गाडी सुसाट सुटली.

"बाई," चहा वाटणाऱ्या शिपाई छबुबाई म्हणाल्या, "सायबांच्या बीपीत गाडी पळतीय."

पाच मुख्याध्यापकांनी एकाच वेळी कपात पाहायला सुरुवात केली. बाईंना वाटलं, आत्ता भोंगा वाजवावा आणि गावाला सांगून टाकावं, म्हणजे एकदाच काय ते होईल. पण त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "ती गेम आहे. माझी आहे. लहानपणची आहे."

धुळाजीरावांनी बाही तशीच वर ठेवली होती. ते पडद्याकडे बघत होते. त्यांचा आवाज आला तो भलताच बारीक होता.

"रंगीत हाय व्हय ही? आमच्या तलवाड्यात एकाकडं होती. सावकाराच्या पोराकडं. आमी त्याच्या मागं भितीवर उभं ऱ्हाऊन बघायचो. त्यानं हात म्हनून लावू दिला न्हाई कदी." मशीन डोळ्यांजवळ नेत ते म्हणाले, "ह्याच्यात ब्रेक कुटला?"

बैठकीचे सहा विषय होते. पहिल्या विषयावर चर्चा झाली. उरलेले पाच सर्वानुमते पुढे ढकलण्यात आले. सहा नवे सेल दोन तास चाळीस मिनिटांत संपले आणि तालुक्यातल्या पाच मुख्याध्यापकांपैकी तिसरी लेव्हल कोणालाच पार झाली नाही. निघताना धुळाजीरावांनी मशीन दोन्ही हातांनी परत दिली.

"कुनाला कळायचं न्हाई बाई. पन एक अडचन हाय. तुमच्या अर्जावर मी रक्तदाब लिवलंय, आन अर्ज आवकला चढलाय. आता बीपी न्हाई असा दाखला लागंल."

"पण मला बीपी नव्हतंच."

"म्हनूनच तर दाखला सोपा हाय."

दाखल्यासाठी बाई सरकारी दवाखान्यात गेल्या. रांगेत अडीच तास उभ्या. पुढं मागं ओळखीच्या सहा बायका, सहा प्रकारचे रस. खिडकीवर कळलं की केसपेपर दुसऱ्या खिडकीत. दुसऱ्या खिडकीत कळलं की जेवणाची सुटी. शेवटी डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"एकशे छप्पन, शंभर. किती दिवसांपासून आहे?"

"सकाळी अकरापासून," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि आठ दिवसांनी बोलावलं. चिठ्ठी पाहून फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे आप्पारावांनी जी नजर टाकली, ती विजयाची होती. त्या संध्याकाळी बाईंनी त्यांना खरं सांगून टाकलं, शाईस्तापासून धुळाजीरावांपर्यंत सगळं. आप्पारावांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, "त्या मॅचमध्ये शेवटच्या चेंडूवर सिक्स होता. मी अजून पाहिलेला नाही." आणि दोघांनी त्या दिवशी सात ते आठच्या मधेच, दारं-खिडक्या लावून, तो सिक्स मोबाइलवर अकरा वेळा पाहिला.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाला, वडवणीला परत येऊन राहिलेल्या शाईस्ताच्या भावाच्या घरी पैज मांडली गेली. अंगणात मंडप बांधायचं चाललेलं, चुलाणावर कांदा तळायचा वास, आणि ओसरीवर बाजेवर पंच बसलेल्या: त्याच अजमतबी. वय ब्याऐंशी, कानाला यंत्र, पण निकाल द्यायची हौस तशीच. शाईस्ता जाड झाली होती आणि केसांना मेंदी लावायला लागली होती. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि लगेच सेलचं पाकीट तपासलं.

"त्याच अटी," अजमतबी म्हणाल्या. "काळीत नवे. राखाडीत जुने, घड्याळातले. आवाज बंद. चालू!"

पहिल्या पाच मिनिटांत दोघींनी चष्मे लावले. दहाव्या मिनिटाला शाईस्तानं चष्मा काढून नणंदेचा घेतला. घरातल्या साऱ्या बायका-पोरी बाईंच्या पाठीमागं जमल्या, कारण रंग तिकडे होते. "बाई, डावीकडं!" "अगं बाई, झाड!" शाळेत जिच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती त्या मुलीही ओरडत होत्या. बाईंचा अंगठा दुखत होता, पदर सुटला होता, आणि तिसरी लेव्हल त्यांनी केव्हा पार केली हे त्यांनाही कळलं नाही. उन्हात तापवलेल्या सेलची ऊब हाताला लागल्याचा भास त्यांना मधूनच होत होता.

एक तास पन्नास मिनिटांनी काळीवरचा तांबडा दिवा मिणमिणायला लागला. बाईंनी हा दिवा ओळखला. आता पंधरा मिनिटं, फार तर वीस. समोर शाईस्ताचे अंगठे शांतपणे चालत होते.

आणि शाईस्तानं अंगठे थांबवले. मशीन मांडीवर पालथी घातली.

"बस. मी हारले."

"बंद पडली?" बाई किंचाळल्या.

"न्हाई. चालू हाय." तिनं उलटून दाखवली. हिरवट पडद्यावर विटा टपाटपा पडत होत्या. "आज चालू हाय सत्ते. त्या दिवशी न्हवती."

"म्हंजे?"

"रेडिओतले सेल होते ना. दीड तासातच गेलते. माझ्या पडद्याला उजेड कुठं होता, समोरून कुनाला काय दिसनार? आवाज तर बंदच. मी नुसतं बटन दाबत बसले. वाटलं, दोन मिनटं दाबू, तुझी जाईल. तुझी जाईना! पन्नास मिनटं मी बंद मशीन खेळले गे. अंगठे सुजले माझे."

अजमतबींनी कानाचं यंत्र नीट केलं.

"मग सांगितलं का न्हाईस?" बाईंनी विचारलं.

"तू रडत गेलीस. म्हटलं उद्या सांगते. दुसऱ्या दिशी आले तर तुमच्या घराला आतून कडी. मग ट्रक आला. पत्रात लिहायला घेतलं की वाटायचं, हे कळलं तर ही मला लिहायची बंद होईल. भांडन हाय तोवर पत्र तर येतंय."

सत्यशीलाबाईंनी मशीन खाली ठेवली. तिच्यातली गाडी झाडाला धडकली, आणि कोणी पाहिलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी हेच ऐकायची वाट पाहिली होती, आणि ऐकल्यावर काय करायचं हे काही ठरवलं नव्हतं. आधी त्यांना राग आला, खराखुरा, मुख्याध्यापिकेचा. मग बारा-तेरा वर्षांची एक पोरगी डोळ्यापुढं आली, घाम गाळत, चेहरा सरळ ठेवून, पन्नास मिनिटं काळ्या पडद्यावर नसलेल्या विटा रचणारी. त्यांना हसू फुटलं. ते आवरेना. त्या बाजेचा पाय धरून खाली बसल्या आणि हसत राहिल्या, आणि शाईस्ता रडता रडता त्यांच्याबरोबर हसायला लागली.

"अम्मी, निकाल बदला," शाईस्ता म्हणाली.

"मी दिलेला निकाल बदलत न्हाई," अजमतबी ताठ होऊन म्हणाल्या. "पोरीनं मला फसवलं, तो तिचा गुन्हा."

"मग लिहून दे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "आत्ता. सगळ्यांसमोर."

शाईस्तानं लग्नपत्रिका पालथी केली, भावाच्या खिशातलं पेन घेतलं आणि सातवीपर्यंतच्या मराठी शाळेतल्या अक्षरात, जीभ बाहेर काढून लिहिलं: 'मी शाईस्ता, चौऱ्याण्णव साली बंद मशीन दाबत होते. सत्यशीला जिकंली.' खाली सही केली.

बाईंनी कागद घेतला. दोनदा वाचला. मग पर्समधलं लाल पेन काढून शेवटच्या शब्दावरचा अनुस्वार खोडला, तो एक अक्षर अलीकडे दिला, आणि कोपऱ्यात गोल करून लिहिलं: दहापैकी नऊ.

"एक मार्क कशाचा कापला गे?" शाईस्ता भडकली.

"उशिरा जमा केल्याबद्दल," सत्यशीलाबाई म्हणाल्या.